गाडीला विचारून बघ!

आपल्याकडे दोन गोष्टींवर सल्ला द्यायला कुठलीही डिग्री लागत नाही. एक सर्दी आणि दुसरी बंद पडलेली गाडी. सर्दीचं निदान हळद-दुधावर भागतं. पण गाडी बंद पडली की बघा! ज्याने आयुष्यात सायकलचं पंक्चरही काढलेलं नाही असा रस्त्याने जाणारा माणूससुद्धा थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि ठामपणे सांगतो, "प्लग गेला असणार." त्याच्या मागचा म्हणतो, "छे, बॅटरी." तिसरा काहीच म्हणत नाही, नुसती मान हलवतो. तो सगळ्यात डेंजर, कारण त्याच्या मानेचा अर्थ असतो, "विकून टाका."

मित्र-मैत्रिणींनो, मेकॅनिकलला आल्यापासून मीही या सल्लागार मंडळाचा सभासद व्हायला पात्र झालोय. आयसी इंजिनचा पेपर झाला, सबमिशन झालं, वायवाला ओटो सायकलचा पी-व्ही डायग्राम काढून दाखवला (तिसऱ्या प्रयत्नात सरांना कळला). पण सुरू न होणाऱ्या इंजिनाजवळ कसं जायचं हे मी कॉलेजला यायच्या आधीच शिकलो होतो. आमच्याच गल्लीत, आमच्याच व्हॅनसमोर, एका मिस्त्रीकडून. तेच सांगतो.

आधी व्हॅनची ओळख. मारुती व्हॅन, म्हणजे आपली ओम्नी, १९८४ साली रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षं! तीन सिलिंडर, ७९६ सीसी. इंजिन पुढच्या सीटच्या खाली, त्यामुळे सीट उचलली की इंजिन समोर. थंडीत फुकटचा हीटर, मे महिन्यात तवा. हिंदी सिनेमावाल्यांनी तिला अपहरणाची गाडी करून ठेवलं. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मात्र ती पोरांना पळवून नेत नाही, शाळेत नेते. (पोरांच्या दृष्टीने दोन्ही एकच!)

माझे बाबा अशीच व्हॅन चालवतात. कॅम्प ४ मधून विठ्ठलवाडीच्या बाजूने पोरं उचलायची, अंबरनाथच्या शाळेत सोडायची, दुपारी परत. पहिली ते चौथीची चिल्लीपिल्ली. अख्ख्या भागात बाबांना नावाने ओळखणारे दहा असतील; "व्हॅनवाले काका" म्हणून ओळखणारे शंभर. आमचं घर त्या व्हॅनवर चालायचं, माझी क्लासची फीसुद्धा तिच्यावरच.

आणि मग मार्च २०२० आला. मी दहावीला होतो. भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. आम्हा पोरांना आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू! पण ज्या दिवशी शाळा बंद झाल्या त्याच दिवशी बाबांचा धंदा बंद झाला. ऑफिसं घरून चालली, शाळा मोबाइलवर चालल्या. स्कूल व्हॅन कशावर चालणार? दोन-तीन महिने साठवलेल्यावर गेले. मग बाबांनी अंबरनाथ एमआयडीसीत एका पॅकिंग युनिटमध्ये रात्रपाळी धरली. व्हॅन भिंतीला लागून उभी राहिली. पहिले काही महिने बाबा आठवड्यातून एकदा ती सुरू करून दहा मिनिटं ठेवायचे. मग बॅटरी उतरली. नवी बॅटरी घ्यायला पैसे कुठले, आणि घेऊन जायचं कुठे? गाडीवर प्लास्टिक टाकलं. त्या प्लास्टिकवर दोन पावसाळे गेले. आणि आपले पावसाळे कसे असतात हे २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन तारखा ज्याला आठवतात त्याला सांगायला नको. २०१९ ला तर उल्हास नदीच्या पाण्याने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकून पडली होती. आमच्या गल्लीत लॉकडाऊनच्या त्या दोन वर्षांत पूर आला नाही, पण ओल मात्र कायम.

२०२२ च्या जूनमध्ये शाळा पूर्वीसारख्या सुरू होणार हे नक्की झालं. बाबांनी जुनी वही काढली, एकेका पालकाला फोन लावला. कोणी बदली होऊन गेलेलं, कोणाची पोरं पाचवीत गेलेली. काहींनी मात्र सरळ विचारलं, "काका, गाडी चालू आहे ना? नाहीतर आम्ही दुसऱ्या व्हॅनला सांगतो." बाबा म्हणाले, "एकदम चालू आहे!" त्या वेळी गाडीवर प्लास्टिक होतं आणि प्लास्टिकवर मांजर झोपलेलं होतं. शाळेला आठ दिवस उरले होते. रात्रपाळीचा पगार येत होता, पण विमा, फिटनेस, पीयूसी अशी सगळी कागदपत्रं नव्याने करण्यात तो आधीच संपला होता.

बॅटरी नवी आणली. चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. घुर्र घुर्र घुर्र... आणि शांतता.

झालं! सल्लागार मंडळ जमलं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले समोरचे काका म्हणाले, "प्लग तिन्ही बदला." माझा चुलतभाऊ म्हणाला, "ईसीएम गेला असेल, ओल लागली की जातोच." जीन्सचं युनिट चालवणारे शेजारचे अंकल म्हणाले, "अरे भाऊ, पेट्रोल का पंप खराब है, नया डाल दो, टेंशन खतम!" आणि तोट्याचा भाग असा, की प्रत्येकाचं म्हणणं शक्य होतं. दोन वर्षं उभ्या गाडीचं काय बिघडू शकत नाही? पंपाची अख्खी असेंब्ली बाबांनी विचारून ठेवली होती. ओरिजिनल साडेपाच हजार, डुप्लिकेट त्याच्या पाव किमतीत. (उल्हासनगरात डुप्लिकेट मिळत नाही असं म्हणणारा माणूस उल्हासनगरचा नव्हे. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुम्हीही ऐकला असेल.)

पण या विनोदाची दुसरी बाजूही आहे. आमचं गाव मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिला 'उल्हासनगर' नाव दिलं. पत्ता अजूनही 'कॅम्प' म्हणूनच सांगतात. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी वसवलेलं गाव आहे हे. इथे वस्तू फेकून देण्याआधी माणूस ती तीनदा उघडून बघतो. मिस्त्री त्याच परंपरेतले, जरी ते स्वतः मराठवाड्यातून आले असले तरी. विठ्ठलवाडीजवळ पत्र्याची शेड, हाताखाली एक पोरगा. गाडी ढकलत नेण्यापेक्षा तेच पिशवी घेऊन गल्लीत आले.

आल्या आल्या त्यांनी पाना काढला नाही. बाबांना प्रश्न विचारायला लागले, डॉक्टर विचारतात तसे. किती दिवस उभी होती? शेवटची कधी चालली? तेव्हा पेट्रोल किती होतं? बाबा म्हणाले, "अर्ध्याच्या खाली." मिस्त्री "हं" म्हणाले. त्या "हं" मध्ये पुढचं अर्धं उत्तर होतं, हे नंतर कळलं. मग म्हणाले, "भाऊ, घाई करू नका. काय बदलायचं ते आपण ठरवायचं नाही. गाडीला विचारायचं. एका वेळी एकच प्रश्न."

माझी बारावी नुकतीच झाली होती आणि ऑगस्टमधल्या सीईटीचा अभ्यास चालू होता. मी वही घेऊनच बसलो होतो, त्याच वहीच्या मागच्या पानावर ते प्रश्न लिहून घेतले.

पहिला प्रश्न : इंजिन नीट फिरतंय का? स्टार्टर नुसता "टक" करून थांबला तर दोष बॅटरीचा, वायरीचा किंवा स्टार्टरचा. तिथे पेट्रोलचा विचार करायचाच नाही. इतके दिवस उभं इंजिन म्हणून मिस्त्रींनी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेलाचे चार थेंब टाकले, इंजिन हाताने फिरवलं, प्लग पुसून परत लावले. मग स्टार्टर. व्यवस्थित फिरलं.

दुसरा प्रश्न : पेट्रोल बाहेरून दिलं तर पेटतंय का? इंजिनाला लागतं काय? हवा, पेट्रोल, दाब आणि वेळेवर ठिणगी. मिस्त्रींनी हवेच्या नळीत कार्बोरेटर क्लीनरचा जरासा फवारा मारला, ते बाजूला झाले आणि बाबांना म्हणाले, "मारा." इंजिन खोकलं, दोन सेकंद चाललं आणि मेलं. गर्दीतून "अरेरे" आलं. मिस्त्री मात्र खूश! म्हणाले, "अर्धी गाडी पास झाली." दोन सेकंद का होईना, इंजिन चाललं म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे, टायमिंग आहे. गायब आहे ते फक्त टाकीतून येणारं पेट्रोल. तीस सेकंदांच्या एका चाचणीत प्लगही सुटले आणि ईसीएमवरचा संशयही बराच कमी झाला. समोरच्या काकांनी मान डोलावली आणि पहिल्यांदाच एक स्टूल आणून बसले.

(धाकट्यांसाठी सूचना : हा फवाऱ्याचा प्रयोग कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोणाच्या बाइकवर करू नये. भडका उडू शकतो. मिस्त्रींनी शेजारी वाळूची बादली ठेवली होती आणि बिडीवाल्यांना गल्लीच्या टोकाला हाकललं होतं.)

तिसरा प्रश्न : पंप बोलतोय का? इथे जुन्या आणि नव्या व्हॅनमध्ये फरक. कार्बोरेटरच्या काळात पंप इंजिनावरच बसलेला असायचा, कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालायचा. विजेचा संबंध नाही. जेटमध्ये कचरा अडकला की काढून फुंकर मारायची, गाडी चालू. आमची व्हॅन एमपीएफआय. तिचा पंप टाकीच्या आत, विजेवर चालणारा. चावी 'ऑन' केली की तो दोन-तीन सेकंद गुणगुणतो, नळीत दाब तयार करतो आणि थांबतो. इंजिन फिरायला लागलं की पुन्हा सुरू. इंजिन फिरत नसताना पंप चालू राहू द्यायचा नाही, ही सोय अपघातासाठी. नळी फुटली तरी पेट्रोल वाहत राहू नये म्हणून. मिस्त्री मला म्हणाले, "ए पोरा, कान लाव इथं." मी टाकीच्या तोंडाशी कान लावला. बाबांनी चावी फिरवली. काही नाही. चिडीचूप.

शेजारचे अंकल उठून उभे राहिले. "मैने बोला था ना! पंप!" मिस्त्री म्हणाले, "शेठ, गप बसलेला माणूस मेलेलाच असतो असं नाही. त्याला कोणी बोलावलंय का ते बघू."

चौथा प्रश्न : पंपाला हुकूम पोचतोय का? फ्यूज बघितला, चांगला. रिलेवर बोट ठेवलं, चावी फिरवली की "टिक्" जाणवायचं. म्हणजे ईसीएम जिवंत, त्याने हुकूम सोडलेला. चुलतभावाचा सल्लाही बाद. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवाही दोष दाखवत नव्हता. आमच्या व्हॅनचा ईसीएम रिलेपर्यंत हुकूम देतो, पुढे पंप खरंच फिरला का ते बघत नाही. वरच्या साहेबाने ऑर्डर काढली, खाली काम झालं की नाही कोणाला माहीत! (आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.)

पाचवा प्रश्न : वीज पंपापर्यंत पोचतेय का? मिस्त्री गाडीखाली गेले, पंपाचं कनेक्टर सोडवलं आणि मल्टिमीटर माझ्या हातात दिला. कनेक्टरच्या दोन पिनांना दोन टोकं. बाबांनी चावी फिरवली. मी आकडा वाचला : १२.३ व्होल्ट.

आता निकाल लागल्यातच जमा होता. वीज पोचतेय, पंप फिरत नाही, म्हणजे पंप गेला. अंकल खूश, गल्ली खूश. बाबांनी खिशातून पैसे काढून मोजायला सुरुवात केली. साडेपाच हजार त्यांच्याकडे नव्हतेच, डुप्लिकेटपुरते होते. ते तोंडाने काही बोलले नाहीत, पण नोटा दोनदा मोजल्या. मला अजून आठवतंय, मीटर हातात धरून मी मिस्त्रींकडे बघत होतो, कारण त्यांनी पिशवी आवरायला घेतली नव्हती.

ते म्हणाले, "भाऊ, पैसे ठेवा. मीटर खोटं बोलत नाही, पण ते आपण विचारलं तेवढंच सांगतं." आणि त्यांनी पिशवीतून काय काढलं असेल? एक साधा ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी जोडलेला. तो पंपाच्या जागी लावला. (तोपर्यंत पेट्रोलची एकही नळी उघडलेली नव्हती, म्हणूनच हा बल्बचा खेळ.) चावी फिरवली. बल्ब पेटला... पण कसा? उदबत्तीसारखा! लालसर, मेल्यासारखा. १२ व्होल्ट खरोखर असते तर डोळे दिपायला हवे होते.

मग त्यांनी बल्बची एक वायर कनेक्टरच्या अर्थच्या पिनेतून काढली आणि एका लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. पुन्हा चावी. लख्ख उजेड! म्हणजे येणारी वीज ठीक, परत जाण्याचा रस्ता अडलेला. अर्थची वायर शोधत गेलो. फ्लोअरखाली जिथे ती बोल्टने बॉडीला आवळलेली असते तिथे बोल्ट नव्हताच म्हणा, गंजाचा गोळा होता. दोन पावसाळ्यांची कमाई! पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायरला नवीन लग मारला, वर ग्रीस. कनेक्टर पंपाला लावलं. मी कान लावला.

गुंऽऽऽऽ.

मित्रांनो, लता मंगेशकरांनंतर मला आवडलेला तो दुसरा आवाज. पंप जिवंत होता!

यातली गंमत मी त्या रात्री फिजिक्सच्या वहीत मांडून बघितली. धरून चाला की पंप १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेतो, म्हणजे ढोबळ मानाने ३ ओहम. (मोटरचा हिशेब इतका सरळ नसतो, पण समजायला पुरे.) गंजलेल्या जोडाचेही ३ ओहम झाले तर व्होल्टेज निम्मं-निम्मं वाटलं जाणार, पंपाला उरणार जेमतेम ६. त्यात दोन वर्षं न फिरलेला पंप हलणार कसा? पण कनेक्टर सोडवून तिथे डिजिटल मीटर लावला तर मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो साधारण १ कोटी ओहम. त्याच्यापुढे गंजाच्या ३ ओहमला कोण विचारतो? सगळं व्होल्टेज मीटरवरच दिसणार. म्हणून १२.३. मीटरने बरोबरच सांगितलं होतं, पण काहीच काम न करता. बल्बने काम मागितलं आणि वायरीची खरी लायकी कळली. ओहमचा नियम मी दहावी-बारावीत मिळून किती वेळा लिहिला असेल, पण त्यावर कोणाच्या घरचे साडेपाच हजार अवलंबून असतात हे कुठल्या गाईडमध्ये दिलं नव्हतं.

पंप बोलायला लागला तशी गल्ली ओरडली, "मारा स्टार्टर!" बाबांचा हात चावीवर होता. मिस्त्री म्हणाले, "थांबा. अजून एक प्रश्न राहिला."

सहावा प्रश्न : पंप काय पाजतोय? बाबांनी सांगितलेलं "अर्ध्याच्या खाली" इथे आलं. मिस्त्रींनी इंजिनाकडे जाणारी नळी सोडवली, लांब नळी जोडून टोक एका काचेच्या बाटलीत घातलं, बाटली गाडीपासून दूर ठेवली. चार-पाच वेळा चावी ऑन-ऑफ केली. बाटलीत जे आलं त्याचा रंग चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखा आणि वास वार्निशसारखा. पाच मिनिटं बाटली हलवली नाही. मग तळाशी एक वेगळा थर दिसायला लागला. मध्ये रेघ अगदी स्पष्ट. त्याच्या खाली तपकिरी गाळ.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, कमी-जास्त उडणाऱ्या अनेक द्रव्यांचं मिश्रण आहे. उभं ठेवलं की हलकी द्रव्यं उडून जातात आणि सुरुवातीला पेट घ्यायला नेमकी तीच लागतात. मागे राहतं ते जड आणि चिकट. त्यात आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२० च्या सुमाराला देशभरात सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास, २०२२ मध्ये १० टक्के, आणि २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. आणि पंपाचं तोंड कुठे असतं? तळाशीच! म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचा मिळणार. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा आत-बाहेर करत राहते. वर आमच्या टाकीच्या झाकणाची रबरी रिंग वाळून चिरलेली निघाली, म्हणजे पावसाला दारच उघडं.

तेव्हाच स्टार्टर मारला असता तर ते पाणी आणि तो गाळ फिल्टरपर्यंत, कदाचित पुढे इंजेक्टरपर्यंत गेला असता. आणि तिसराच कोणीतरी म्हणाला असता, "इंजेक्टर गेले."

मग बॅटरी सोडवली, टाकी उतरवली, धुतली, वाळवली. पंपाच्या तोंडाची जाळी साफ केली, फिल्टर नवा, झाकणाची रिंग नवी. काढलेलं पेट्रोल मिस्त्रींनी गटारात ओतलं नाही. कॅनमध्ये भरून लेबल लावलं, पार्ट धुवायला घेऊन गेले. आमच्या गटारांचं पाणी वालधुनीला जातं. २०१४ मध्ये कोणीतरी वालधुनीत रसायन सोडलं होतं आणि आमच्या भागातल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. ज्याने ती रात्र बघितलीय तो गटारात पेट्रोल ओतत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच लिटर ताजं पेट्रोल आणलं, लिटरला १११ रुपयांच्या आसपास होतं तेव्हा. नळीला गेज लावून बघितला. काटा ३ बारच्या जवळ गेला आणि चावी बंद केल्यावरही लगेच पडला नाही. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली, बाबांना स्टार्टर मारायला सांगितलं. इंजेक्टरची टिकटिक त्यांना ऐकू आली की नाही माहीत नाही, कारण तेवढ्यात इंजिनच सुरू झालं! आधी थोडं थरथरलं, पांढरा धूर सोडला, मग एका लयीत लागलं.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. ते वीस मिनिटं सीटवर बसून राहिले, इंजिन चालू ठेवून. मग खाली उतरले, फडकं ओलं केलं आणि मागच्या काचेवरच्या 'स्कूल व्हॅन' या अक्षरांवरची धूळ पुसायला लागले. आईने सगळ्यांना चहा दिला. बिल झालं अठराशे रुपये, फिल्टर, रिंग आणि मजुरी धरून. बदललेल्या वस्तूंत अडीचशेच्या वरची एकही नव्हती. बाबांनी मिस्त्रींना विचारलं, "पंपच बदलला असता तर?" मिस्त्री म्हणाले, "नवा पंपही त्याच गंजलेल्या वायरीवर गप बसला असता. मग तुम्ही म्हणाला असता पंप डुप्लिकेट निघाला. दुकानदाराशी भांडला असता. आणि शाळा सुरू झाली असती."

शाळा सुरू झाली त्या दिवशी व्हॅन वेळेवर गेली. पहिल्या फेरीत पाचच पोरं होती. दिवाळीपर्यंत गाडी भरली.

जाता जाता उपयोगाचं थोडं सांगतो. सुट्टीत बाइक महिनोन् महिने उभी ठेवणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका. एक तर पूर्ण भरा, नाहीतर रिकामी करा. बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. पावसाळ्याआधी झाकणाचं रबर बघा. गाडी सुरू होत नसेल तर आधी चावी 'ऑन' करून दोन सेकंद गप्प राहा आणि ऐका. पेट्रोलबद्दल शंका आली तर पंपावर फिल्टर पेपरची आणि डेन्सिटीची तपासणी करून मागता येते, तो ग्राहकाचा हक्क आहे.

आता थोडं मनातलं. त्या वर्षी कॅप राउंडला सगळे म्हणत होते, कॉम्प्युटर घे, मेकॅनिकलला काय ठेवलंय? मी मेकॅनिकल पहिलं टाकलं. फार मोठा विचार करून नव्हे. त्या दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली होती. त्या गल्लीतले सगळे सल्ले प्रेमाने दिलेले होते आणि सगळे अंदाज होते. अंदाज करायला पैसे पडत नाहीत, पण अंदाज चुकला तर त्याचे पैसे अंदाज करणारा भरत नाही, समोरचा भरतो. त्या दिवशी ते बाबांनी भरले असते, दुप्पट नोटा मोजून. मिस्त्रींच्या हातात कला होती यात वाद नाही. पण त्याहून मोठं हे, की दुसऱ्याचा पैसा खर्च करण्याआधी ते खात्री करून घेत होते. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता, दहा रुपयांचा बल्ब होता.

उद्या आपण कुठे ना कुठे इंजिनिअर म्हणून उभे राहू. कोणी प्लांटमध्ये, कोणी सॉफ्टवेअरमध्ये, कोणी सरकारी खात्यात. समोर काहीतरी बंद पडलेलं असेल, भोवती सल्लागार असतील, बॉसला घाई असेल आणि नवा पार्ट मागवायचा अधिकार आपल्या सहीत असेल. तेव्हा सही करण्याआधी एवढंच आठवा : त्या वस्तूला आपण नीट विचारलंय का? आणि विचारताना तिच्याकडून थोडं काम मागितलंय का, की नुसता मीटर लावून आकडा वाचलाय?

माझी ती बारावीची फिजिक्सची वही अजून जपून ठेवली आहे. मागच्या पानावर सहा प्रश्न आणि ग्रीसचा एक अंगठा. फायनल इयरच्या प्रोजेक्टचं आमचं रिग गेल्या महिन्यात सुरू होईना, तेव्हा ग्रुपमधल्या तिघांनी तीन पार्ट मागवायची यादी केली. मी यादी बाजूला ठेवली आणि लॅबमधल्या मामांकडे एक २१ वॅटचा बल्ब मागितला.

मामा म्हणाले, "कशाला रे?"

म्हटलं, "विचारून बघतो."